कॅपिटल कशासाठी?

(दहावी १९९६ च्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीटनेटकं करून दिलं आहे.)



संयोजकांचा फोन आला तेव्हा मला सांगण्यात आलं, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर एआयवर बोल. आपल्या पोरांच्या नोकऱ्या राहणार का जाणार, ते सांग." मी म्हटलं, त्यावर बोलणारे गल्लोगल्ली आहेत, आणि खरं सांगायचं तर मलाही ते ठाऊक नाही. मी इंग्रजी कॅपिटल अक्षरांवर बोलते. पलीकडे जरा वेळ शांतता पसरली. मग प्रश्न आला, "किती मिनिटं?" म्हणजे विषय मंजूर झाला, पण काळजी वाटली होती. ती काळजी तुमच्याही चेहऱ्यावर दिसतेय. जेवणाच्या आधी संपवते, घाबरू नका.

आपण पाचवीत आलो ते १९९० साल. आता पहिलीपासून इंग्रजी आहे, पण ते २००० साली सुरू झालं. आपल्याला एबीसीडी भेटली ती थेट पाचवीत. तासगावच्या बाजारातल्या दुकानातून आणलेली चाररेघी वही आठवते? त्या रेघांमध्ये अक्षर बसवायचं म्हणजे बैलगाडी फाटकातून आत घेण्यासारखं होतं. आणि एक नाही, चार लिप्या! छापील मोठी, छापील छोटी, लपेटीदार मोठी, लपेटीदार छोटी. मराठीत 'क' म्हटलं की एकच 'क'. वाक्याच्या सुरुवातीला आला म्हणून तो फुगत नाही आणि शेवटी आला म्हणून आक्रसत नाही. इंग्रजीत मात्र एकाच अक्षराची चार सोंगं.

बाईंनी नियम सांगितले. वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल. माणसाच्या आणि गावाच्या नावाचं पहिलं अक्षर कॅपिटल. आणि 'मी' या अर्थाचा 'आय' कुठेही आला तरी कॅपिटल. तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं होतं, "बाई, 'मी' मोठा आणि 'तू' छोटा, असं का?" सगळा वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर एक लांब ओळ लिहिली आणि मधोमध छोटा 'आय' एकटाच टाकला. म्हणाल्या, "शेवटच्या बाकावरून वाच." त्याला दिसेना. मग तो पुसून त्यांनी कॅपिटल केला. "आता दिसला? एकटं बारीक अक्षर ओळीत हरवतं. वाचणाऱ्याला दिसावं म्हणून मोठं काढायचं."

बाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. बाई, मला वहीतल्या तुमच्या लाल शाईच्या खुणा लक्षात राहिल्या. हे 'वाचणाऱ्याला दिसावं म्हणून' मात्र मी विसरले. ते परत आठवायला मला तीस वर्षं लागली, आणि त्याची किंमत दुसऱ्याच लोकांनी मोजली. तीच गोष्ट आज सांगणार आहे.

त्याआधी माझं काम काय, ते थोडक्यात. प्रोग्राम लिहिताना आम्हाला सारखी नावं ठेवावी लागतात. लोकांना नाही, वस्तूंना. क्लास म्हणजे कोऱ्या छापील फॉर्मसारखा एक नमुना, उदाहरणार्थ 'बँक खातं'. मेथड म्हणजे त्या खात्याकडून करून घ्यायचं काम: 'पैसे भर', 'शिल्लक सांग'. एका मोठ्या प्रोग्राममध्ये अशी हजारो नावं असतात. अडचण अशी की नावाच्या मध्ये जागा सोडता येत नाही. जागा सोडली की कॉम्प्युटरला वाटतं, नाव संपलं. म्हणून सगळे शब्द एकमेकांना चिकटवून लिहायचे.

चिकटवल्यावर काय होतं ते बघा. आपल्या माजी विद्यार्थी संघाच्या फाइलवर शिपाईमामांनी समजा जागा न सोडता लिहिलं, 'आजीवनसदस्ययादी'. कोणी वाचेल 'आजीवन सदस्य यादी'. आणि कोणी वाचेल 'आजी, वनसदस्य, यादी'. आता आपल्यातल्या काही जणी खरोखरच आजी झाल्यात म्हणून चालून जाईल, पण एरवी पंचाईत.

इंग्रजीत यावर उपाय आहे, कारण तिथे मोठी-छोटी अक्षरं आहेत. प्रत्येक नव्या शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल काढायचं. सगळं चिकटलेलं असलं तरी शब्द कुठे सुरू झाला ते दिसतं. मधेमधे उंचवटे दिसतात म्हणून या पद्धतीला 'कॅमल केस' म्हणतात, उंटाच्या पाठीवरून. आपल्याकडे उंट नाहीत, तर खिल्लार बैलाचं वशिंड डोळ्यांसमोर आणा. जिथे वशिंड, तिथे नवा शब्द.

इथपर्यंत सगळं सरळ आहे. घोळ सुरू होतो लघुरूपं आली की. एचटीएमएल, यूआरएल, एक्सएमएल, पॅन, आयएफएससी. ही एकेका शब्दाची पहिली अक्षरं जोडून झालेली नावं. इंग्रजीत ती सगळी कॅपिटलमध्ये लिहायची, हे आपण शाळेत शिकलो. पण अशी दोन लघुरूपं शेजारी आली तर? एचटीटीपीएस आणि यूआरएल एकत्र लिहा, सगळी कॅपिटलमध्ये. आठ वशिंडं एका रांगेत! मधला 'एस' आधीच्या नावाचा की पुढच्या, हे नुसतं बघून कळत नाही. पुन्हा आजी वनात गेली.

तुम्हाला वाटेल, एवढे हुशार लोक आहेत, त्यांनी एकदा बसून नियम ठरवला असेल. ठरवला ना! प्रत्येकानं वेगळा. पायथॉन भाषेच्या नियमावलीत म्हटलंय, क्लासच्या नावात लघुरूपाची सगळी अक्षरं कॅपिटल करा. गो भाषेचे लोक म्हणतात, एक तर सगळी मोठी करा नाहीतर सगळी छोटी, मिसळ करू नका. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटच्या नियमात दोन अक्षरी लघुरूप असेल तर दोन्ही मोठी, आणि तीन किंवा जास्त अक्षरं असतील तर फक्त पहिलं मोठं. गूगलच्या जावा नियमावलीत लघुरूपाला साधा शब्द समजायचं: पहिलं मोठं, बाकी छोटी, विषय संपला.

आणि जिथे नियम ठरायच्या आधीच नाव पडलं, तिथली गंमत तर विचारूच नका. जावात १९९७ पासून एक क्लास आहे, एचटीटीपी-यूआरएल-कनेक्शन. त्यात एचटीटीपीचं फक्त पहिलं अक्षर मोठं, आणि लगेच शेजारी यूआरएलची तिन्ही मोठी. एकाच घरात दोन सुना, दोघींना वेगवेगळे नियम! दुसरं उदाहरण तुमच्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आहे. पान पूर्ण न उघडता त्यातला थोडाच भाग ताजा होतो, ती सोय ज्यामुळे सुरू झाली त्या वस्तूचं नाव एक्सएमएल-एचटीटीपी-रिक्वेस्ट. मायक्रोसॉफ्टनं १९९९ साली इंटरनेट एक्स्प्लोररच्या पाचव्या आवृत्तीत ती आणली, पुढे मोझिलानं ती स्वतःच्या ब्राउझरसाठी तयार करताना हे नाव दिलं. त्यात एक्सएमएलची सगळी अक्षरं मोठी आणि एचटीटीपीचं पहिलंच मोठं. म्हणजे जावाच्या बरोबर उलटं. आज जगभर लाखो ठिकाणी ते तसंच लिहिलेलं आहे. आता सुधारायला गेलात तर ती सगळी पानं बंद पडतील. जन्मदाखल्यावर चुकून पडलेलं नाव जसं माणसाला जन्मभर पुरतं, तसंच.

आता माझ्याकडे येते.

बारावीनंतर मी सांगलीला इंजिनिअरिंगला गेले. रोज तासगावहून एसटीनं. पहिल्या वर्षी सगळं इंग्रजीत. मला कॅपिटलचा नियम पाठ होता, पण अर्धवट. 'नावाचं' पहिलं अक्षर कॅपिटल, हे लक्षात होतं, आणि विशेषनाम कुठलं, सामान्यनाम कुठलं, हे घाईत निसटायचं. मग मी जर्नलमध्ये प्रत्येक नाम कॅपिटलनं सुरू केलं. वायर कॅपिटल, टेबल कॅपिटल, बॅटरी कॅपिटल. आमच्या बॅचमध्ये पुण्याहून आलेला एक मुलगा होता, जर्मनचे क्लास केलेला. त्यानं जर्नल हातात घेतलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "अरे, ही तर जर्मनमध्ये लिहिते!" जर्मनमध्ये खरोखरच प्रत्येक नाम कॅपिटलनं सुरू होतं. त्याची माहिती बरोबर होती. अख्खी लॅब हसली. मी पण हसले. आणि परतीच्या एसटीत खिडकीकडे तोंड करून बसले.

त्या दिवसापासून मी ठरवलं, इंग्रजीत माझी एकही चूक कोणाला सापडता कामा नये. स्वल्पविराम, स्पेलिंग, कॅपिटल, सगळं पक्कं केलं. पुढे पुण्यात नोकरी लागली, बढत्या मिळाल्या. मी मराठी माध्यमातली आहे हे ऑफिसात मी कोणाला सांगितलं नाही. लपवलं असं म्हणणार नाही. विषय निघाला की मी पाणी प्यायला उठायचे, एवढंच.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमची टीम छोट्या कारखान्यांच्या पगाराचं सॉफ्टवेअर सांभाळत होती. महिनाअखेरीला प्रत्येक कामगाराचं नाव, खाते क्रमांक, रक्कम आणि बँकेच्या शाखेचा आयएफएससी आमच्या प्रोग्राममधून पलीकडच्या प्रोग्रामकडे जायचा, आणि पगार जमा व्हायचा. आयएफएससी तुम्हाला माहीतच आहे, चेकवर छापलेला असतो. अकरा जागांचा: पहिली चार अक्षरं बँकेची, मग एक शून्य, मग सहा जागा शाखेच्या. त्यातलं शेवटचं 'सी' म्हणजेच 'कोड'. तरी आपण 'आयएफएससी कोड' म्हणतो. पिवळा पीतांबर आणि गाईचं गोमूत्र यांच्याच रांगेतलं हे.

टीममध्ये एक मुलगा नवीन आला होता, लातूरकडचा. त्यानं त्या मेथडचं नाव लिहिलं होतं 'गेट-आयएफएससी-कोड'. गेट म्हणजे 'आणून दे'. आणि आयएफएससीचं त्यानं फक्त 'आय' मोठं ठेवलं होतं, बाकी तीन अक्षरं छोटी. मग 'कोड'चा 'सी' मोठा.

आमच्याकडे एकाचं काम दुसऱ्यानं तपासायची पद्धत आहे. वही तपासण्यासारखंच. त्या दिवशी मी त्याचं काम मोठ्या पडद्यावर लावून सगळ्यांसमोर तपासत होते. ते नाव दिसलं आणि माझ्या आतली लाल शाई उसळली. मी इंग्रजीत म्हणाले, "आयएफएससी हे लघुरूप आहे. चारही अक्षरं कॅपिटल हवीत. हे पाचवीत शिकवतात." दोन-चार जण हसले. तो म्हणाला, "पण मॅडम, वाचताना पुढचा..." मी त्याला पुढे बोलू दिलं नाही. "बदलून टाक," म्हटलं. त्यानं बदललं.

आता काय झालं ते नीट सांगते, कारण यात कॉम्प्युटरची काही चूक नाही.

एक प्रोग्राम दुसऱ्याला माहिती पाठवतो ती चिठ्ठीसारखी असते. डाव्या बाजूला मथळा, उजवीकडे माहिती. 'नाव: अमुक. रक्कम: अमुक.' हे मथळे आम्ही हातानं लिहीत नव्हतो. एक तयार लायब्ररी ते मेथडच्या नावावरून बनवायची. पुढचा 'गेट' काढून टाकायचा आणि सुरुवातीची मोठी अक्षरं छोटी करायची. त्या मुलाच्या नावात सुरुवातीला एकच मोठं अक्षर होतं, 'आय'. ते छोटं झालं की पुढे 'कोड'चा 'सी' मोठाच राहायचा. पलीकडचा प्रोग्राम नेमका असाच मथळा शोधत होता.

माझ्या नावात काय झालं? आय, एफ, एस, सी ही चार मोठी, आणि त्यांना चिकटून 'कोड'चा मोठा 'सी'. पाच मोठी अक्षरं सलग. लायब्ररीला कुठे माहीत, आयएफएससी कुठे संपलं आणि 'कोड' कुठे सुरू झाला? तिनं पाचही छोटी करून टाकली. पलीकडच्या प्रोग्रामला त्या मथळ्यात मोठा 'सी' हवा होता, आमच्याकडून छोटा गेला. आपल्याला वाटेल, एवढ्यानं काय होतं? कॉम्प्युटरला मोठा 'सी' आणि छोटा 'सी' ही दोन वेगळी अक्षरं आहेत. सातबाऱ्यावर 'पाटील' दीर्घ आणि आधारवर 'पाटिल' ऱ्हस्व पडलं की तलाठी कार्यालयात काय होतं, ते तासगावच्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. माणूस तोच, जमीन तीच, पण काम अडलं.

त्याहून वाईट म्हणजे ते गुपचूप अडलं. अनोळखी मथळा दिसला तर पलीकडचा प्रोग्राम तो सोडून द्यायचा. म्हणजे आयएफएससीची जागा रिकामी राहिली. आमच्या चाचण्या सगळ्या पास झाल्या होत्या, कारण चाचणीत चिठ्ठी लिहिणारा आणि वाचणारा दोन्ही आमचेच प्रोग्राम. दोघांनाही नवं नाव माहीत होतं.

महिनाअखेरीला एका कारखान्याच्या हिशेबनिसांचा सकाळी फोन आला. वयस्क गृहस्थ होते. आवाज चढवला नाही. म्हणाले, "मॅडम, कालचे पगार जमा झाले नाहीत. सगळे परत आलेत, शाखेचा कोड रिकामा म्हणून. आमच्या एका माणसाच्या मुलीची फी भरायची आज शेवटची तारीख आहे. तो सकाळपासून माझ्या टेबलासमोर उभा आहे."

आम्ही शोधायला बसलो. मी बँकेच्या माहितीत शोधलं, नेटवर्कमध्ये शोधलं, पलीकडच्या लोकांशी भांडून झालं. माझ्या स्वतःच्या कॅपिटल अक्षरांवर शंका घ्यावी असं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. ती बरोबर होती ना! दुपारी तो लातूरचा मुलगा आला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, एकदा हा मथळा वाचून बघता का?" त्यानं दोन चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या होत्या, गेल्या महिन्याची आणि या महिन्याची. फरक एका अक्षराचा.

दुरुस्ती दहा मिनिटांची होती. पण पुन्हा तपासून, पाठवून, पगार जमा व्हायला दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ झाली. हिशेबनिसांनी स्वतःच्या खिशातून त्या मुलीची फी भरली होती, हे मला नंतर कळलं.

त्या मुलानं 'मी तेव्हाच सांगत होतो' असं म्हटलं नाही. मी त्याला एकट्याला गाठून विचारलं, "त्या दिवशी तू काहीतरी सांगत होतास, मग पुढे बोलला का नाहीस?" तो म्हणाला, "मला वाटत होतं, दोन 'सी' एकमेकांना चिकटले तर वाचणाऱ्याला कळणार नाही. पण तुम्ही म्हणालात पाचवीत शिकवतात. मी मराठी मीडियमचा आहे, मॅडम. म्हटलं, माझंच काहीतरी शिकायचं राहिलं असेल."

मित्रांनो, सांगलीच्या लॅबमध्ये मला हसलेला तो मुलगा मी वीसहून अधिक वर्षं मनात जपून ठेवला होता. त्या दिवशी कळलं, त्याची जागा मीच घेतली होती. त्याचीही माहिती बरोबर होती, माझीही बरोबर होती. आयएफएससी कॅपिटलमध्येच लिहितात, चेकवर बघा. पण बाईंनी पाचवीत सांगितलेलं अर्धं वाक्य माझ्याकडून राहून गेलं होतं. 'वाचणाऱ्याला दिसावं म्हणून.' ते त्या मुलाच्या लक्षात होतं. त्याच्या गावात, त्याच्या शाळेत, बहुतेक त्याच्याही कुठल्यातरी बाईंनी सांगितलं असेल.

पुढच्या सोमवारी त्याच खोलीत, त्याच मोठ्या पडद्यासमोर, तेवढ्याच लोकांपुढे मी सांगितलं की नाव त्याचं बरोबर होतं, माझं चुकलं, आणि ज्या शब्दांत मी बोलले तेही चुकलं. मग म्हटलं, "आणि मी पण मराठी माध्यमातली आहे. पाचवीत एबीसीडी शिकले, तासगावला." खोलीत आणखी तिघांनी हात वर केला. एक सोलापूरची, एक चिपळूणचा आणि एक आमचे सगळ्यात वरिष्ठ साहेब. एवढी वर्षं आम्ही सगळे आळीपाळीनं पाणी प्यायला उठत होतो!

त्यानंतर आम्ही एक नियम लिहून काढला. लघुरूपाला साधा शब्द समजायचं. पहिलं अक्षर मोठं, बाकीची छोटी, दोन अक्षरी असो की पाच. जुनी नावं मात्र उगाच बदलायची नाहीत, त्यांच्यावर किती जण अवलंबून आहेत ते आपल्याला दिसत नसतं. आणि चिठ्ठीचे मथळे आपोआप बनू द्यायचे नाहीत, स्वतः स्पष्ट लिहायचे. दुसऱ्या टीमनं पायथॉनसारखा सगळी अक्षरं मोठी करायचा नियम धरला असेल, तर त्यांच्या घरी त्यांचा नियम पाळायचा. कुठला नियम श्रेष्ठ, यावर आमच्या धंद्यात लोक जेवणं थंड करून भांडतात. एक नियम धरावा आणि सगळ्यांनी पाळावा, एवढं पुरतं.

खरं म्हणजे हा नियम आपल्याला नवा नाहीच. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर रस्त्यावर पहिली एसटी धावली. 'एसटी' हे दोन इंग्रजी शब्दांचं लघुरूप. पण आपण कधी त्याला लघुरूपासारखं वागवलं? एसटीला, एसटीनं, एसटीतून, 'दोन एसट्या भरून वऱ्हाड आलं' असं सरळ म्हणतो. तिला विभक्ती लावली, अनेकवचन केलं, घरातलीच करून टाकली. आपल्या आजीला ती अक्षरं कशाची, हे कधी कळलं नाही, आणि त्यामुळे तिची एसटी कधी चुकली नाही. इंग्रजीतही 'रडार' आणि 'लेसर' ही मुळात लघुरूपंच होती. आता छोट्या अक्षरांत लिहितात, शब्द होऊन गेले. वापरात रुळलं की लघुरूपाचा शब्द होतो. आम्ही प्रोग्राम लिहिणारे तेवढे प्रत्येक अक्षराचा मान राखत बसलो होतो.

तपासण्याची पद्धतही बदलली. आता मी नव्या मुलांना नाव बरोबर की चूक हे आधी सांगत नाही. म्हणते, "मोठ्यानं वाचून दाखव." शब्द कुठे तुटतो ते वाचताना त्यांनाच कळतं. आणि कोणी 'पण मॅडम' असं म्हणालं की मी थांबते. सवय अजून पूर्ण लागलेली नाही. कधी कधी जीभ चावावी लागते. पण थांबते.

त्या हिशेबनिसांना मी नंतर भेटायला गेले होते. फीचे पैसे त्या कामगारानं परत केले होते, त्यामुळे मला काही देता आलं नाही. त्यांनी चहा पाजला. नेमकी काय चूक झाली होती, असं विचारलं. मी कागदावर मोठा 'सी' आणि छोटा 'सी' काढून दाखवला. ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दोन्हींचा आकार तर एकच आहे की." खरंच आहे. इंग्रजीत बहुतेक अक्षरांचं मोठं आणि छोटं रूप वेगळं असतं. 'सी'चा आकार तोच राहतो, फक्त तो लहान होतो. चाररेघी वहीत तो मधल्या दोन रेघांत आहे की वरच्या रेघेला टेकलाय, एवढ्यावरूनच ओळखायचा. त्या रेघा आपल्याला का आखून दिल्या होत्या, ते मला त्या दिवशी समजलं.

बाई, माझं एवढंच सांगायचं होतं. तुम्ही शिकवलेलं अर्धं मी पाचवीत शिकले. राहिलेलं अर्धं माझ्याहून वीस वर्षांनी लहान मुलानं मला शिकवलं. दोघांचेही आभार.

आणि संयोजकांना एक विनंती. जेवणानंतर आपल्या संघाची वर्गणी गोळा होणार आहे असं कळलं. मला आजीवन सदस्य व्हायचं आहे. यादीत नाव लिहून घ्या. फक्त मधे जागा सोडून लिहा, नाहीतर मला वनात पाठवाल.